बडीशेपेवरच्या माश्या

प्रमोदिनी नाशिकहून इंदूरला येऊन एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होती. राजेंद्र नगरातल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर तिने कुंड्यांत बडीशेप लावली. ती फुलली तशा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माश्या घोंघावू लागल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या रुपालीने गांधीलमाश्या आल्याचं इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. रविवारी सेक्रेटरी अप्पासाहेब थेट फवारणीवाल्यालाच घेऊन वर आले. मागोमाग अर्धी इमारत आली.

"मॅडमजी, बच्चे लोक खेळतात इथे," अप्पासाहेब म्हणाले. "रिस्क कोण घेणार?"

प्रमोदिनीने जरा वेळ मागून घेतला. या होव्हरफ्लाय आहेत, गांधीलमाशीचं नुसतं सोंग घेतात, यांना नांगीच नसते, असं तिने समजावलं. पंख दोनच, मिशा आखूड, डोळे डोकंभर. त्यातही इथे दोन जाती आहेत. एकीच्या पोटावर जाड काळ्या पट्ट्याजवळ बारीक पट्टा असतो, दुसरीचे पिवळे पट्टे मधोमध तुटलेले असतात.

लोक कुंड्यांवर वाकले. रुपालीला तुटके पट्टे दिसले. अप्पासाहेबांना त्याच माशीवर बारीक पट्टा दिसला. दोघांनी फोटो काढून मोठे करून पाहिले, तरी कोणी मागे हटेना. फवारणीवालाही पंप खाली ठेवून तिसरंच मत देऊ लागला.

जात कोणतीही असो, डसत नाही हे दाखवून वाद मिटवावा म्हणून प्रमोदिनीने लोकांकडे बघत बघतच फुलावरची एक माशी चिमटीत धरली. "हे पाहा, काही करत ना..."

वाक्य अर्धंच राहिलं. डंख बसलेलं बोट बघता बघता टम्म सुजलं. फवारणीवाल्याने पंप उचलला. आता कुंड्या गेल्याच, असं तिला वाटलं.

अप्पासाहेबांनी चष्मा सावरून खाली पडलेली माशी निरखली. "मिशा लांब. पंख चार," ते म्हणाले. "मॅडमजी, ही तर मधमाशी. तुम्ही बघितलंच नाही." मग ते फवारणीवाल्याकडे वळले. "जाओ भिया. आम्हाला ओळखता येतं आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात रुपाली उभी होती, बशीवर पालथा ग्लास धरून. किचनमध्ये सापडली, पण पट्टेच समज में नाही येत, असं तिचं म्हणणं होतं.

प्रमोदिनीने ग्लास फिरवून पाहिला. आत साधी घरमाशी होती. तिने तसं सांगितलं.

रुपाली हिरमुसली. मग तिने ग्लास उजेडात धरला.

"पण डोळे काय मस्त आहेत हिचे," ती म्हणाली. "कधी बघितलेच नव्हते."