काकाजींचा गुंड

लग्नाला गेले की देवरावजी गभणे एक चप्पल मांडवाच्या या दाराशी काढतात आणि दुसरी त्या दाराशी. मधलं अंतर अनवाणी चालतात. भंडाऱ्याच्या मे महिन्यात हे काय प्रकरण आहे, ते तळपाय भाजून घेतल्याशिवाय कळायचं नाही. "चोराले जोडी लागते," हे त्यांचं स्पष्टीकरण. "एका चपलीचं तो का करन?" परत निघताना मात्र दुसरी चप्पल कोणत्या दाराशी ठेवली हे त्यांना आठवत नाही, आणि मग आम्ही शेजारीपाजारी जेवणाची पंगत सोडून ती शोधत फिरतो.

सगळं लेआऊट, म्हणजे आमची वसाहत, त्यांना काकाजी म्हणतं. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या बंदोबस्ताची मला जरा जास्तच माहिती. त्यांच्या न्हाणीतला मग साखळीनं नळाला बांधलेला असतो. अंगण झाडायचा खराटा कुलपात असतो. एकदा त्या कुलपाची चावी हरवली, तेव्हा आठवडाभर त्यांचं अंगण माझी बायको झाडत होती, आणि काकाजी तिच्यामागे उभे राहून आमच्या खराट्यावर लक्ष ठेवत होते.

नोकरी त्यांची कोर्टात, मुद्देमालाच्या खोलीवर, म्हणजे मालखान्यावर झाली. चोरीच्या सायकली, दागिने, भांडणातल्या कुऱ्हाडी, सगळ्यांना चिठ्ठ्या बांधून सांभाळायचं काम. निवृत्त झाले तरी त्यांच्या लेखी जगात तीनच जातींची माणसं उरली आहेत: फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार. भाजीवालीनं वांग्याचा भाव वाढवला की म्हणतात, "बाई, काल तुझं बयान येगळं होतं."

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला, तेव्हा तिकडच्या तालुक्यांचा मुद्देमाल निवडून पाठवायचं काम काकाजींकडे आलं होतं. ते दुखणं त्यांच्या मनातून काही गेलं नाही. पाऊस कमी झाला, तांदळाचा वास गेला, पोरं उलटून बोलायला लागली, सगळ्याचं मूळ एकच. "जिल्हा फुटला ना जी, तवापासून." चोऱ्यांबद्दलही त्यांचं मत ठाम आहे. वाटणीत चांगले चोर तिकडे गेले आणि आपल्या वाट्याला गॅसचे सिलिंडर उचलणारे आले.

त्यांच्या स्वतःच्या घरी जन्मात एकच चोरी झाली, तीही जिल्हा फुटला त्याच वर्षी. ओसरीतला पितळी गुंड गेला. आमच्याकडे पाणी भरून ठेवायच्या मोठ्या भांड्याला गुंड म्हणतात. हा गुंड काकाजींच्या पत्नीला, अनसूयाकाकूंना, लग्नात माहेरून मिळालेला. गळ्यावर त्यांचं पूर्ण नाव कोरलेलं. काकाजी ड्युटीवर होते, चोर पाहिला फक्त काकूंनी. त्यांनी ठाण्यात वर्णनही दिलं: उंच, सावळा, आणि चष्मा लावणारा.

चष्मा लावून चोरी करणारा माणूस जिल्ह्यात कोणी पाहिला नव्हता, पण काकाजींनी तो मनात पक्का बसवला. तेव्हापासून आमच्या गल्लीत उंच, सावळ्या, चष्मेवाल्या माणसाची धडगत नाही. विम्याच्या एका एजंटानं येणं सोडलं. जनगणनेला आलेल्या गुरुजींना काकाजींनी चष्मा काढून उभं केलं आणि काकूंना बाहेर बोलावून विचारलं, "हाच का?" काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. चोरीची गोष्ट निघाली की त्या नेहमी अशाच आत जायच्या. आम्हाला वाटायचं, बिचारीला माहेरची वस्तू आठवते. काकू वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. काकाजी ती गोष्ट अजून सांगतात.

मागच्या हिवाळ्यात लेआऊटमधून एक सिलिंडर, एक पाण्याची मोटर आणि मोरेश्वरभाऊंच्या दारातली कुंडी अशा तीन वस्तू गेल्या. सिलिंडर आणि मोटर गेली तेव्हा कोणाला विशेष वाटलं नाही. पण मोरेश्वरभाऊंना नगरपालिकेच्या निवडणुकीत उभं राहायचं होतं, त्यामुळे कुंडी गेल्याबरोबर लेआऊटची सुरक्षा धोक्यात आली. रविवारी सकाळी हनुमान मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत सभा ठरली. फलक लागला. त्यावर भाऊंचा फोटो मोठा होता, मारुतीचा लहान.

नवे ठाणेदार साहेब पाहुणे होते. घाटाकडून, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले, बोलणं शुद्ध, चेहरा गंभीर. सभा सुरू झाली आणि चोरी सोडून सगळ्या विषयांवर बोलणी झाली. कोणी नालीचं बोललं, कोणी कुत्र्यांचं. आळीपाळीनं पहारा द्यायचा, हे मात्र एकमतानं ठरलं. कोणी द्यायचा, हे विचारल्यावर एकाला शुगर निघाली, दुसऱ्याचे गुडघे निघाले, तिसऱ्याची बायको माहेरी जाणार होती. शेवटी जे सभेला आलेच नव्हते त्यांची नावं टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली.

मग साहेबांनी काकाजींकडे पाहिलं. "आजोबा, तुमची काय तक्रार?"

काकाजी उठले. या दिवसाची ते वर्षानुवर्षं वाट पाहत होते. "माझी जुनी हाये, साहेब. आमच्या घरचा गुंड गेला."

साहेबांनी पेन काढलं. "गुंड तुमच्या घरी राहत होता?"

"हो जी. बायकोच्या माहेरचा होता. ओसरीत बसून राहे."

"तुम्हाला त्याचा त्रास नव्हता?"

"त्रास कायचा? बायको त्याले रोज चिंचेनं घासे. उन्हात ठेवला का असा चमके."

साहेबांनी सोबतच्या हवालदाराकडे पाहिलं. हवालदार इथलाच, लाखांदूरचा. त्यानं टोपी काढून तोंडासमोर धरली होती.

"त्याचं नाव काय?"

"नाव बायकोचं. गळ्यावर कोरलं होतं ना."

आता सभाच हसायला लागली. हवालदारानं साहेबांच्या कानात उलगडा केला. साहेबांचे कान लाल झाले. "मग भांडं म्हणायचं ना, आजोबा."

"भांडं तर चमचाही असते," काकाजी शांतपणे म्हणाले. "रेकॉर्डवर गुंडच घ्या."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक भांडेवाला दिसला. जुनं पितळ घेऊन स्टील देणारे असतात त्यांतला. सायकलला डबे, पातेली टांगलेली. सभेला चोर हवाच होता. ज्यांचे गुडघे दुखत होते ते सर्वांत पुढे धावले. त्याला सायकलसकट ओढत आणलं, गाठोडं सोडलं, आणि स्टीलच्या डब्यांखालून एक जुना पितळी गुंड निघाला. मोरेश्वरभाऊंनी तो उचलला, गळ्यावरचं वाचलं, आणि त्यांचा आवाज चढला. "अनसूया देवराव गभणे. काकाजी, तुमचा गुंड सापडला."

टाळ्या पडल्या. भाऊ लगेच भाषणाला उभे राहिले आणि ही सभा घेतल्याचा परिणाम कसा लगेच दिसला ते सांगू लागले. साहेबांनी हवालदाराला गाडी पुढे घ्यायला सांगितली. "आजोबा, वस्तू ओळखा. तक्रार पक्की करा. याला मी नेतो."

भांडेवाला मातीत बसून हात जोडत होता. शालिक त्याचं नाव. "म्या चोरला नाही जी. मॅडमनं देला. बुडाशी गळते, भंडाऱ्याच्या कासाराकडून दुरुस्त करून आन म्हने. आमच्या तिकडं आता पितळेचं काम करनारा कोनी राहिला नाही."

"कोणती मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"तिरोड्याच्या, साहेब. शाळेतल्या वैशाली मॅडम."

मंदिरासमोरचे सगळे वळून काकाजींकडे पाहू लागले. साहेबांना कारण कळेना, आम्हाला कळत होतं. वैशाली ही काकाजींची एकुलती एक मुलगी. जिल्हा फुटला त्याच वर्षी तिनं दुसऱ्या जातीतल्या एका मास्तराशी लग्न केलं आणि तिकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याला गेली. काकाजींनी जावयाचं तोंड पाहिलं नाही, पोरीचं नाव पुन्हा घेतलं नाही. काकूंच्या मयतीला ती एकटी आली, बायकांत बसून रडली आणि गेली. काकाजी तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. पाऊस, तांदूळ, चोर, सगळं जिल्हा फुटल्यापासून का बिघडलं, हे आम्ही कधी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

काकाजींनी गुंड भाऊंच्या हातातून घेतला. कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. "तिच्याकडं हा कसा आला?"

"आईनं देला म्हनते. लग्न झालं त्या दिवशी आई बस स्टँडवर आली होती, चुंगडीत घालून. पोतं पाहून मॅडमले वाटलं, तांदूळ हायेत." शालिकला धीर आला. "मॅडम कोनाले हात लावू देत नाही त्याले. मास्तर सोता पानी भरते."

"मास्तर दिसाले कसा हाये?"

"उंच हाये जी. सावळे. चष्मा लावते."

काकाजी गुंडाकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. जवळ गेलो तर हसत होते, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. पदर तोंडाला लावून आत जाणाऱ्या काकू मला तेव्हा कळल्या. जन्म कोर्टात काढलेल्या नवऱ्याला त्या बाईनं जावयाचं वर्णन चोर म्हणून लिहून दिलं होतं, आणि त्यानं ते पाठ केलं होतं.

साहेब घड्याळाकडे पाहत होते. "आजोबा, वस्तू तुमचीच ना? तक्रार देता ना?"

एका बाजूला सगळ्या लेआऊटसमोर सांभाळलेला ताठा होता, दुसऱ्या बाजूला मातीत बसलेला शालिक. काकाजींनी फार वेळ लावला नाही. "चोरी झाली नोती, साहेब. माझ्या बायकोनं पोरीले आंदन देलं होतं. माझी फिर्याद मांग घेतो. या मानसाले सोडा."

मोरेश्वरभाऊंचं भाषण अर्धवट राहिलं. शालिक कपडे झटकत उठला, डबे गोळा केले आणि गुंडासाठी हात पुढे केला. काकाजींनी गुंड दिला नाही.

"कासाराकडं मी नेतो," ते म्हणाले. "तू मॅडमले जाऊन सांग, गुंड भंडाऱ्यात जप्त झाला. मुद्देमाल सोडवाले मालकाले सोता यावं लागते. आन ओळख पटवाले तो चष्मेवालाही संगं पायजे."

"कधी या म्हनू जी?"

काकाजींनी गुंड कडेवर घेतला. "लवकर म्हन. मालखान्यावरचा मानूस आता थकला."