फेट्याची झबली

सयाजीला अलीकडे एक वाईट खोड लागली होती. माणूस दिसला की तो त्याच्या अंगावरचं कापड चिमटीत धरून बघायचा. कागलच्या एमआयडीसीतून ड्युटी संपवून येताना एस.टी.त शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतराचा सोगा त्यानं असाच बोटांत धरून चोळला, तेव्हा म्हातारा सावरून बसत म्हणाला, "पावणं, काय पायजे?"

"किती जुनं हाय वो हे?" सयाजीनं अगदी मनापासून विचारलं. म्हाताऱ्यानं जागाच बदलली.

खोडीला कारण होतं, आणि ते कारण दीड वर्षाचं होतं. सयाजीच्या लेकीला, राजनंदिनीला, इसब होता. गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत लाल चट्टे उठायचे. दिवसा खेळण्याच्या नादात पोरगी विसरायची, पण अंधार पडला की अंग ओरबाडून काढायची. सयाजी आणि त्याची बायको अक्षता आळीपाळीनं तिचे हात धरून बसायचे. गल्लीनं उपाय सुचवण्यात कसर ठेवली नव्हती. कडुलिंब झाला, डाळीचं पीठ झालं, एकीनं तर चुलीतली राखसुद्धा सुचवली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हे सगळं बंद करायला लावलं, मलम दिलं आणि बजावलं, की पोरीच्या अंगाला जुनं, मऊ, पुष्कळ धुतलेलं सुती कापडच लागलं पाहिजे. नायलॉन नको, खळीचं नवं कापड तर नकोच.

अक्षताला तेव्हा दिवस गेलेले होते. सयाजीनं घाबरत विचारलं, "दुसऱ्यालाबी हुईल काय?"

"होईलच असं नाही," बाई म्हणाल्या. "पण मऊ कपडे तयार ठेवा."

सयाजीनं ते वाक्य देवाच्या कौलासारखं मनात धरलं. पण मऊ कापड आणायचं कुठून? आईची, म्हणजे आक्काची, जुनी लुगडी राजनंदिनीच्या लंगोटांत आणि दुपट्यांत संपून गेली होती. अक्षताच्या साड्या नायलॉनच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सदरे टेरिकॉटचे. त्यात आक्काचा कायदा असा, की मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवीन कापड घरात आणायचं नाही. नवं चालत नाही आणि जुनं मिळत नाही, अशी सयाजीची गोची झाली. त्याच्या वडिलांची पेटीभर धोतरं एके काळी घरात होती, ती अगदी रुमालासारखी मऊ झालेली त्याला आठवत होती. पण त्यांचा विषय काढला की आक्का म्हणायची, "उंदरांनी कातरली," आणि लगबगीनं परड्यात निघून जायची.

चैत्राचं ऊन तापलं, घामानं राजनंदिनीचं अंग आणखीच फुललं आणि अक्षताला नववा लागला. अशात सुट्टीच्या दिवशी गल्लीत बायडाबाई बोहारणीची हाक आली. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं, आणि बोचक्यातून एक फिकट गुलाबी टोक बाहेर लोंबत होतं. सयाजीची बोटं शिवशिवली. त्यानं टोक चिमटीत धरलं आणि तो जागच्या जागी थांबला. कापड सायीसारखं होतं. ओढत गेला तर संपेचना. आख्खा फेटा होता तो.

"मावशी, हे मला दे," तो म्हणाला.

"आरं, मी कापडं घेतो आन् भांडी देतो. तुझं काय उलटंच?"

"मग आज भांडं मी देतो की."

उभ्या आयुष्यात बायडाबाईला असं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. सयाजी आत पळाला. आक्का देवळात गेली होती, अक्षता पोरीला अंघोळ घालत होती. फळीवर हाताला लागलं ते पहिलं मोठं पातेलं, चांगलं जाड बुडाचं, त्यानं उचललं आणि बायडाबाईच्या पाटीत ठेवलं. पातेल्याच्या काठावर 'शेवंताबाई' असं आक्काचं नाव कोरलेलं होतं, हे त्याला दिसलंही असेल, पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढं फक्त झबली होती.

फेटा त्यानं स्वतः उकळला. पहिलं पाणी गुलाबी निघालं, म्हणून परत उकळला, आणि पाणी नितळ येईपर्यंत उकळतच राहिला. तरी कापडावर एक हलकी गुलाबी झाक उरलीच. कुठून आणलं म्हणून अक्षतानं विचारलं, तर तो "मिळालं" एवढंच म्हणाला. ती बसून हातानं शिवू लागली. शिवण पोरीला टोचू नये म्हणून तिनं ती बाहेरच्या अंगाला घेतली. निम्म्यात राजनंदिनीची झबली झाली, निम्म्यात येणाऱ्या बाळाचे लंगोट आणि दुपटी. नवं झबलं अंगात घालून राजनंदिनी त्या रात्री झोपली ती झोपलीच. आईबाप मात्र जागे राहिले, पोरगी उठत कशी नाही या काळजीनं.

इकडं आक्का पातेलं शोधत होती. सयाजीही तिच्याबरोबर शोधायला लागला. त्यानं कॉटखाली वाकून पाहिलं, कणगीमागं हात घातला, आणि इतक्या कष्टानं शोधलं की आक्कालाच त्याची दया आली.

पलीकडच्या गल्लीत अशीच शोधाशोध चालली होती. तिथं गणपतराव राहायचे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत त्यांच्या घराला सासनकाठीला, म्हणजे देवापुढच्या उंच निशाणकाठीला, हात लावून चालायचा मान होता, आणि तो मान ते दरसाल एकाच फेट्यानं पार पाडायचे. कैक यात्रांचा गुलाल त्या फेट्यात मुरलेला. यात्रा तोंडावर आली, त्यांनी ट्रंक उघडली, आणि फेटा नाही. सुनेनं, प्रीतीनं, "धुवाया टाकलाय मामंजी," असं सांगून वेळ मारून नेली. तिनं तो विटका फेटा कामाचा नाही असं समजून बायडाबाईला कधीच दिला होता. मोबदल्यात तिला मोठं पातेलं हवं होतं. बायडाबाईच्या पाटीत तेव्हा तसं नव्हतं, पण दुपारी आणून देतो म्हणाली आणि बाई शब्दाला जागली.

पुढचं होणार ते झालंच. आक्का विरजण मागायला म्हणून प्रीतीकडं गेली, तर चुलीवर 'शेवंताबाई' दूध तापवत होती. आक्कानं दोन्ही हातांत पदर धरून पातेलं दुधासकट उचललं आणि घरचा रस्ता धरला. मागं रडकुंडीला आलेली प्रीती, आणि प्रीतीच्या मागं, भरदिवसा दूध कोण पळवतंय ते बघायला गणपतराव. वरात सयाजीच्या दारात आली आणि गणपतरावांचे पाय थबकले. अंगणातल्या दोरीवर फिकट गुलाबी लंगोट, झबली आणि दुपटी ओळीनं वाळत होती. त्यांनी त्यांतला एक लंगोट डोळ्यांपाशी धरला.

"सयाजी, हे काय हाय?"

"लंगोट, आबा."

"माझा फेटा हाय ह्यो."

सयाजीला कबूल करावंच लागलं. मग आक्काची तोफ प्रीतीवरून त्याच्याकडं वळली. पोटच्या पोरानं आईचं भांडं विकावं, ते कोरलेल्या नावासकट, हे तिनं साऱ्या गल्लीला ऐकवलं. नेमकी त्याच वेळी बायडाबाई तिथून चालली होती. आक्कानं तिलाही सोडलं नाही, आणि तीच चूक झाली.

"माझ्यावर कशाला वरडतीस आक्का?" बायडाबाई पाटी उतरवत म्हणाली. "ते पातेलं तुला मीच दिलतं न्हवं? तुझ्या मालकाच्या पेटीभर धोतरांवर?"

सयाजीला उंदराचं नाव कळलं. आक्का दूध उतू जातंय का बघायला म्हणून घरात गेली, वास्तविक दूध चुलीवरून उतरून बराच वेळ झाला होता.

गणपतरावांना या धोतरांशी काही देणंघेणं नव्हतं. माझं कापड मला द्या, टाके घालून डोक्याला बांधतो, म्हणत ते दोरीवरचे तुकडे काढून खांद्यावर टाकू लागले. सयाजी बघत राहिला. जुनं कापड ज्याचं त्याला दिलं पाहिजे हे त्याला पटत होतं, आणि रात्री पोरीचे हात पुन्हा धरावे लागणार या विचारानं त्याचा जीव तुटत होता. शेवटचा तुकडा राजनंदिनीच्या अंगावर होता. गणपतराव त्यासाठी आत गेले.

राजनंदिनी पाळण्यात झोपली होती. मुठी उघड्या, गालांवरची लाली उतरलेली. अक्षता पोट सावरत उठली आणि हळूच म्हणाली, "आबा, एवढं उठवू नगासा. लई दिसांनी झोपलीया."

गणपतराव पाळण्यावर वाकले. "उठली की न्हेतो," असं म्हणून ते भिंतीला टेकून बसले. पोरगी उठेना. त्यांचा दोनदा चहा झाला. ऊन कलल्यावर ते आवाज न करता बाहेर आले आणि खांद्यावरचे सगळे तुकडे एकेक करून दोरीवर परत वाळत घातले. यात्रेसाठी नवा फेटा घेतो, असं ते जाताना कुणाकडं न बघता म्हणाले.

यात्रा झाली. डोंगरावरून उतरले ते गणपतराव घरी न जाता थेट सयाजीकडं आले. खळीचा कडक नवा फेटा काखेत, आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत लालभडक पट्टा.

"सूनबाई, पोरीचं ते मलम जरा आण गं," ते खाली बसत म्हणाले. "दिसभर खाजवून जीव गेला. काठीला हात लावू, का कपाळ खाजवू?" अक्षता मलम लावत असताना त्यांची नजर राजनंदिनीवर गेली. "एका दिसात माझं ह्ये झालं. येवढ्याशा जिवानं दीड वरीस कसं काढलं असंल?"

त्या दिवसापासून गणपतरावांनी नवा फेटा रोज डोक्याला बांधायचा, घामानं भिजवायचा आणि संध्याकाळी दारातल्या दगडावर धुवायचा असा नेम धरला. बाळ यायच्या आत मऊ झाला पाहिजे, असं ते विचारणाऱ्याला सांगायचे.

बाळ आलं, मुलगा झाला. अंग कोरं होतं. पुढं काय ते पुढं, पण गुलाबी दुपट्यात तो सुखानं झोपला आणि सयाजी बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवला. पाचवीला प्रीती अळिवाची खीर घेऊन आली, 'शेवंताबाई'तूनच. दूध आटवायच्या निमित्तानं ते पातेलं पुन्हा तिच्याकडं गेलं होतं. आक्कानं नाव बघितलं, सयाजीकडं बघितलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

गणपतराव धुतलेला फेटा घेऊन आले. बाळाला पांघरण्याआधी त्यांनी तो चिमटीत धरून चोळला आणि नाराजीनं मान हलवली. अजून एखादी यात्रा पाहिजे, असं पुटपुटत ते ओसरीवर टेकले. तिथं नातवाला बघायला आलेले अक्षताचे वडील धोतर सावरून बसले होते. गणपतराव हळूच त्यांच्या जवळ सरकले, धोतराचा सोगा बोटांत धरला आणि म्हणाले,

"पावणं, किती जुनं हाय वो हे?"