केंद्रकाची पुनर्स्थापना

सजीवाचं शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि शाळा एकमताची. पेशी मरते, झडते, तिच्या जागी दुसरी येते. एकमताला मात्र मरण नाही. म्हणूनच आमच्या शाळेत पेशीचा अभ्यास इतका टिकाऊ झाला आहे.

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. तो काचेच्या कपाटात असतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी नव्या नवरीसारखा दोघांनी धरून टेबलावर आणला जातो. त्याच्या बाजूला चाकं आहेत. ती फिरवली की चित्र स्पष्ट होतं, असं पुस्तकात लिहिलं आहे. पण फिरवताना बिघडली तर भरून कोण देणार, हे पुस्तकात लिहिलेलं नाही, म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी गुंडाळली आहे. (चिकटपट्टी दरवर्षी न चुकता नवी लावतात.) कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी पूर्वी होती. ती फुटली. तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, यातच शाळेचं स्वावलंबन आलं.

मुलांनी ओळीनं यायचं, एक डोळा मिटायचा, दुसरा भिंगाला लावायचा, 'दिसलं' म्हणायचं आणि पुढं सरकायचं. दिसायचंही खरोखर. उजेडाचं गोल वर्तुळ आणि मधोमध काळा ठिपका. वर्तुळ म्हणजे पेशी, ठिपका म्हणजे केंद्रक. शंभरातल्या शंभर जर्नलांत हीच आकृती. एवढं एकमत शास्त्रज्ञांतही आढळत नाही. शंकेखोरांसाठी सांगतो, एकदा भिंगाखाली मुंगीचा पंख ठेवून पाहिला. तेच वर्तुळ, तोच ठिपका. मिठाचा खडा ठेवला, तेच. हेडसरांचा केस ठेवला (त्यांच्या संमतीनं, मोजकेच उरले आहेत), तरी तेच. यावरून सृष्टीतली प्रत्येक वस्तू एकाच पेशीची बनली आहे आणि मीठ सजीव आहे, हे आमच्याकडे सिद्ध झालं.

अशा सुरळीत संस्थेत टिचकी आली. पोर एवढीशी, म्हणून सगळे टिचकीच म्हणत. आई घरी शिवणकाम करायची, आणि मशीनच्या खडखडाटात या पोरीनं नर्स व्हायचं ठरवलं होतं. त्यासाठी विज्ञानाचं प्रात्यक्षिक पास होणं सक्तीचं. नाहीतर अर्जच घेत नाहीत. म्हणजे इतरांपेक्षा तिनं जास्तच जपून वागायला हवं होतं. पण परीक्षेला ती चक्क घरून कांदा घेऊन आली. प्रश्न होता, 'कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींचे निरीक्षण करा', आणि तिनं तो मनावर घेतला. काचेवर पापुद्रा, त्यावर आयोडीनचा थेंब, वर पातळ काच. डोळा लावला. वर्तुळ आणि ठिपका. इथं 'दिसलं' म्हणून पुढं सरकायचं, तर तिनं रुमाल काढून भिंग पुसलं.

केंद्रक गेलं.

मग, एक गुन्हा एकटा पडू नये म्हणून की काय, तिनं चिकटपट्टी सोडवून चाकही फिरवलं. आणि घराला लागून घर, भिंतीला लागून भिंत, सोनेरी विटांची आळीच्या आळी उलगडत गेली. घराघरात एकेक गडद मणी. मधोमध नाही, भिंतीला टेकून, कुणी कुणासाठी राखून ठेवल्यासारखा. सकाळी आईला रडवणाऱ्या कांद्याच्या पोटात एवढं गाव नांदत होतं, आणि कधी कुणाला हाक मारली नव्हती.

"बाई," टिचकी म्हणाली, "इथं पुष्कळ जणी राहतात हो!"

शास्त्राच्या बाईंनी तिचं रिकामं भिंग आणि सुटलेली चिकटपट्टी पाहिली आणि तडक हेडसरांना बोलावणं धाडलं. तासाभरात आईलाही. आरोप दोन ठेवण्यात आले: शालेय केंद्रक नष्ट करणे, आणि परीक्षेच्या वेळेत विनापरवाना निरीक्षण करणे. (दुसरा अधिक गंभीर.)

"तुमच्या मुलीनं केंद्रक पुसलं," हेडसर म्हणाले.

"अगं बाई! दुखलं का कुणाला?"

"तसं नाही हो. भिंगावर एक ठिपका होता."

"म्हणजे डागच की! मग गेला तर बरंच झालं, सर. माझ्याकडं कापडावरचा डाग गेला तर गिऱ्हाईक चार माणसांत नाव घेतं."

"ताई, त्या डागावर आमच्या पिढ्या पास झाल्यात!"

"धुवायचा राहिला एवढंच म्हणा," आई पुटपुटली. टिचकीनं तिला कोपरानं ढोसलं.

प्रकरण शास्त्रीय असल्यानं हेडसरांनी बाईंना खात्री करून घ्यायला सांगितलं. बाई वाकल्या. बाई याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांच्या जर्नलात हेच वर्तुळ, हाच ठिपका, आणि पुढं त्यांनी सही केलेल्या प्रत्येक जर्नलात. त्या भिंगाला डोळा लावून बराच वेळ तशाच राहिल्या. एकदा त्यांचा हात आपोआप चाकाकडं गेला आणि चाक हळूच फिरलं.

"दिसतंय ना, बाई?" टिचकीनं अगदी हळू विचारलं.

बाईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. (दिव्याचा उजेड फार प्रखर असतो.)

"काही दिसत नाही," त्या म्हणाल्या.

निर्णय एकमतानं झाला. केंद्रक जिनं घालवलं तिनंच ते परत बसवावं. बसलं तर पास, नाहीतर नापास. टिचकीनं आईकडं पाहिलं. आईनं नुसती मान हलवली. उसवलेलं असू दे, आधी गिऱ्हाईक घरी जाऊ दे, अशी. टिचकीनं पेन्सिलीला टोक केलं, शिशाचा कण बोटावर घेतला आणि भिंगावर ठेवला. हेडसरांनी डोळा लावून पाहिलं.

"आलं! पण कडेला का गं?"

"ते कडेलाच असतं, सर."

"मधोमध घे."

तिनं खाली पाहिलं. मग कण नखानं मधोमध सरकवला. बाईंनी वीसपैकी वीस गुण दिले आणि सही करताना पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

टिचकी आता एका इस्पितळात नर्स आहे. शाळेचा निकाल अजूनही शंभर टक्के लागतो, चिकटपट्टी नवी आहे आणि नवं केंद्रक जुन्यापेक्षा जास्त ठळक दिसतं, असा सर्वांचा अभिप्राय आहे.

हे वाचताना तुम्हाला हसू आलं असेल. हसा. पण सहज, इथल्या इथं, डोळे मिटून एक पेशी काढून दाखवा. गोल आली ना? आणि ठिपका? अगदी मधोमध. तुम्ही कधी कुठल्या भिंगाला डोळा लावला होता, हे आम्ही विचारणार नाही. आमच्या शाळेच्या दृष्टीनं तुम्ही पास आहात. पुढं सरका.