छकुलीच्या अठरा पिशव्या

"तात्या, ऐकताय ना? आधी जुन्या तारखेची पिशवी घ्यायची. गॅसवर ठेवायची नाही, उकळायची नाही. कोमट पाण्याच्या पातेल्यात धरायची. आणि एकदा पूर्ण वितळलं की पुन्हा गोठवायचं नाही. आजच्या चार मी खाली फ्रीजमध्ये ठेवल्यात, बाकीच्या चौदा वर फ्रीझरमध्ये."

माधवी हे तिसऱ्यांदा सांगत होती. नवरा विजयसिंह फौजेत, सासूचा पाय प्लॅस्टरमध्ये, आणि बँकेचं दोन दिवसांचं ट्रेनिंग पुण्यात. म्हणून पाच महिन्यांच्या छकुलीला घेऊन ती बारामतीहून कळंबला वडिलांकडे आली होती. दोन महिने पहाटे उठून तिने अंगावरचं दूध काढून साठवलं होतं. प्रत्येक पिशवीवर निळ्या पेनाने तारीख होती.

"काय काळजी करू नगंस," सर्जेराव म्हणाले. "तीस वर्सं कारखान्यात फिटर होतो मी. मोठमोठी यंत्रं सांभाळली."

यंत्रांचं खरं होतं. पण बायको मुक्ताबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि या घरात आता सांभाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मेसचा डबा यायचा. डबेवाला मोटारसायकल बंदही न करता तो ओट्यावर ठेवून निघून जायचा. टीव्हीवरच्या बातम्या सांगणाऱ्या बाईला सर्जेराव अधूनमधून "व्हय का?" म्हणायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं.

माधवी गेली. छकुलीने दहा वाजता दूध पिऊन छान ढेकर दिली. अकरा वाजता वीज गेली.

वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "डीपी जळालाय तात्या. गावच बंद हाय. संध्याकाळी येईल, न्हायतर उद्या."

सर्जेरावांनी फ्रीझर उघडून पिशव्या चाचपल्या. दगडासारख्या होत्या. दार लावलं. दहा मिनिटांनी पुन्हा उघडलं. अजून दगडच. यंत्र बिघडलं की त्याच्यावर लक्ष ठेवायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. ते लक्ष ठेवत राहिले. माधवीला फोन लावला, तो बंद. दुपारी दोनला पिशव्यांच्या कडा मऊ लागल्या. चारला एक पिशवी हातात चक्क डचमळली.

गावात वीज नसताना जनरेटरवर चालणारी एकच जागा होती, दूध डेअरी. तिथे झुंबर डेअरीवाला आइस्क्रीमचा मोठा डीप फ्रीझर ठेवायचा. सर्जेरावांनी फ्रीझरमधल्या चौदा पिशव्या पाण्याच्या मोठ्या थर्मासमध्ये भरल्या, मुक्ताबाईंच्या मऊ लुगड्याची झोळी करून छकुलीला छातीशी बांधलं आणि निघाले.

संध्याकाळचं दूध घालायला रांग लागली होती. सर्जेराव रांग सोडून थेट पुढे गेले.

"झुंबर, दूध ठेवायचं हाय."

"दूध? तुमी कवा म्हस घेतली तात्या?"

"म्हस न्हाय."

"मग गाय?"

"गायबी न्हाय. तू आधी ठेव की बाबा."

"असं कसं ठेवू? आधी फॅट तपासाय पायजे." झुंबरने थर्मासचं झाकण उघडलं आणि एक पिशवी वर काढली. "आयला, पॅकिंग झ्याक हाय! तारीखबी टाकलीया. कुठल्या कंपनीचं म्हनायचं हे?"

रांगेतल्या माना उंचावल्या. सर्जेरावांचे कान तापले. अख्ख्या गावासमोर हे कसं सांगायचं, त्यांना कळेना. तेवढ्यात छकुलीने भोकाड पसरलं, आणि त्या आवाजावर आवाज काढून ते ओरडले, "हिच्या आयचं हाय! माझ्या लेकीचं! यवडंच हाय, दुसरं काय पीत न्हाय पोरगी!"

झुंबरने पिशवी दोन्ही हातांनी, अगदी हळू, परत ठेवली.

मागून रेश्मा पुढे आली. ती गावची आशाताई. किटली तशीच खाली टेकवून तिने एकेक पिशवी उजेडात धरली. "ह्यात बर्फ हाय अजून. बर्फ असला तर पुन्यांदा गोठवलं तरी चालतं. ही एकच पार वितळलीया, ही गोठवू नगा, आता पयली हीच पाजा. पन तात्या, दार उघडलं नसतं तर एक दिस आरामात निघाला असता. तुमी उघडलं का काय?"

"येक-दोनदा," सर्जेराव म्हणाले.

झुंबरने स्वतःच्या हाताने आइस्क्रीमचे डबे बाजूला केले. बायांनी छकुलीला आपसात फिरवलं, कुणी कोमट पाणी आणलं, आणि डेअरीच्या बाकावर तिने ती वितळलेली पिशवी गटागटा संपवली. ती संपेपर्यंत सगळे बघत उभे राहिले.

सहाला वीज आली. पिशव्या घरी न्यायला हरकत नव्हती. पण, "पुन्हा गेली तर?" असं म्हणून सर्जेरावांनी त्या तिथेच ठेवल्या आणि लागेल तशा एक-दोन न्यायला ते छकुलीला घेऊन जात राहिले. दर खेपेला कुणीतरी विचारायचं, "पिली का तात्या?" कुणीतरी चहा पुढे करायचं. एका खेपेला तर ते पाऊण तास बसले. पिशवी न घेताच परत निघाले होते, झुंबरने हाक मारून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माधवी आली. डेअरीची हकीकत तिला रात्रीच फोनवर कळली होती. बारामतीला जायची गाडी दारात उभीच होती. तिने छकुलीला कुशीत घेऊन दहा वेळा पापे घेतले, उरलेल्या पिशव्या बर्फाच्या डब्यात भरल्या.

"सगळ्या आणल्यात ना डेअरीतून?"

"आनल्या."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. सर्जेराव घरात आले. छकुलीची चादर अजून खाटेवर होती, तिची घडी घातली, मग मोडली. टीव्ही लावला नाही. नुसते बसून राहिले. तासाभराने फोन वाजला. झुंबर होता.

"तात्या, घोटाळा झाला. येक पिशवी हितंच राहिली की! आइस्क्रीमच्या डब्याखाली, पार तळाला."

"ठावं हाय."

"आं? ठावं हाय म्हंजी?"

"मीच ठिवलीया."

पलीकडे किटल्यांचा आवाज येत होता.

"असू दे तितंच," सर्जेराव म्हणाले. "परवा एसटीनं बारामतीला नेऊन देतो. जपून न्यावी लागती, दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाय. आन् पोचायला उशीर झाला, तर येक-दोन दिस मुक्कामबी करावा लागंल. आता इलाज न्हाय त्याला."