मनगटावरची मतदारयादी

येमाबाईंना माणसांचे चेहरे आठवत नसत. "तोंडाचं काय, ते रोज येगळं असतंय," असं त्या म्हणत. त्यांना आठवत ते हात. परभणीत तीस-पस्तीस वर्षं त्या सुईणपण करत होत्या. कळा आलेली बाई हाताला सापडेल ते धरते, आणि बहुतेक वेळा सापडे ते येमाबाईंचं मनगट. त्या पकडीवरून येमाबाई तिला जन्मभर ओळखत. बाजारात मागून येऊन कुणी त्यांचे डोळे झाकले, तर त्या न वळता म्हणत, "सोड गं, जुळ्याची माय."

आम्ही हैदराबादहून नवीनच आलो होतो. आईची ओळख करून घ्यायला त्या आल्या, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हा आमच्याकडचा न्हाई. पन पोरगी सुखासुखी झाली न्हाई तुमाला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आत निघून गेले.

पुढे पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे एक मत दिल्लीच्या लोकसभेसाठी आणि एक हैदराबादच्या विधानसभेसाठी होतं. दिल्लीच्या जागेला उभे राहिलेले एक वकीलसाहेब हात जोडत आमच्या गल्लीत आले. येमाबाईंच्या दारात त्यांनी लोकशाही, स्वराज्य आणि मराठवाड्याचं भवितव्य या तिन्हींवर भाषण केलं. येमाबाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं.

"तू जन्मलास तवा रडतच न्हवतास," त्या म्हणाल्या. "दोन चापट्या मारल्या तवा आवाज फुटला. आता थांबवायला किती माराव्या?"

वकीलसाहेब हसले, पण पुढच्या दारात त्यांनी नुसताच नमस्कार केला.

बायकांच्या मतदान केंद्रावर लिहितावाचता येणारी बाई हवी होती. शिवाय सूचनांचं पुस्तक इंग्रजीत होतं. बाबांनी मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. काम बोटाला शाई लावायचं होतं, त्यात बोलावं लागणार नव्हतं, म्हणून मीही गेले. केंद्राचे अधिकारी म्हणून शाळेचे हेडमास्तर होते. गोषातल्या बायांना ओळखायचं कसं, या काळजीने त्यांना आदल्या दिवशीच ताप भरला होता. पुस्तकात लिहिलं होतं की माहीतगार बाईकडून खात्री करून घ्यावी. परभणीत अशी बाई एकच होती.

सकाळी आठपासून येमाबाई दाराशी ठाण मांडून बसल्या. बुरख्यातून हात बाहेर येई. तो त्या आपल्या मनगटावर ठेवून घेत. "धर." मग क्षणभर डोळे मिटत. "अमीनाबी. तीन लेकरं, मधली पोरगी. सोडा." येमाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण हेडमास्तर बाईने आणलेली नावाची चिठ्ठी उघडून पाहत तेव्हा तिच्यावर तेच नाव असे. तासाभरात त्यांचा ताप उतरला.

मधूनच येमाबाई रांगेला ओरडून सांगत, "कागद दोन हायत, एक दिल्लीचा, एक हैद्राबादचा. पेटीत टाका, पेटीवर ठिवू नका." एक म्हातारी पडद्याआड गेली ती बाहेरच येईना. "मावशे," येमाबाईंनी हाक मारली, "आत बाळंत व्हायलीस का काय?"

दुपारी रांग ओसरली आणि बुरख्यातली एक बाई एकटीच आली. तिच्या मोहल्ल्यातल्या बाया सकाळीच येऊन गेल्या होत्या. चिठ्ठीवर नाव होतं हाजराबी, शेख करीमची बायको. वकीलसाहेबांचा प्रतिनिधी गणपत पानवाला टेबलामागून उठला.

"हरकत हाय, मास्तर! ही ती बाई न्हवं. मी करीमभाईच्या शेजारी ऱ्हातो. त्याची बायको उंबऱ्याबाहेर पडत न्हाई."

हेडमास्तरांनी येमाबाईंकडे पाहिलं. येमाबाईंनी तो हात मनगटावर घेतला, डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा मिटले. दिवसभरात एवढा वेळ त्यांना कुणासाठीच लागला नव्हता.

"का येमामाय?" गणपत म्हणाला. "हा हात बोलंना व्हय?"

"ओळख पटली नाही तर तुम्हाला मत देता येणार नाही, बाई," हेडमास्तर हळूच म्हणाले.

ती बाई हलली नाही. मग बुरख्याआडून आवाज आला, "दाईमाँ, मैं आपके पास कब्बी आयी नै. ग्यारा बरस हुए शादी कू. आपके पास आने का कामईच नै पड्या."

तोवर मागे आठ-दहा बाया जमल्या होत्या. मी शाईच्या बाटलीकडे पाहत राहिले.

येमाबाईंनी हात सोडला नाही. "हाजराबीच हाय ही. लिवा, मास्तर."

"कशावरनं?" गणपत म्हणाला.

"दुसरीच्या नावावर आलेली बाई चार लेकरं सांगंल, आट सांगंल. चारचौघींत हे कोन सांगंल रे? अन् तू शेजारी ऱ्हातोस, तिला कदी बघितलं न्हाईस. मग ही ती न्हाई, हे तुला कोन सांगितलं?"

गणपत खाली बसला. असल्या पुराव्याबद्दल इंग्रजी पुस्तकात काहीच नव्हतं. हेडमास्तरांनी ते मिटलं आणि यादीत खूण केली. मी तिच्या बोटाला शाई लावली. दोन्ही कागद छातीशी धरून ती पडद्याआड गेली, आणि पेट्यांत कागद पडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

संध्याकाळी पेट्यांना लाखेच्या मोहरा लागल्या. येमाबाईंचं घर आमच्याच गल्लीत, म्हणून मी त्यांची वाट पाहत थांबले. पण त्या उलट्या दिशेला वळल्या.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"करीमच्या घरी. असलं बोलनं सांजंपतुर सासूच्या कानावर जातंच."

"तिथे जाऊन काय करणार?"

"काय न्हाई. च्या पिते अन् बसते. परकं मानूस घरात बसलं की सासवा तोंड आवरत्यात." त्या चार पावलं गेल्या आणि थांबल्या. "सात वर्सं पाळणा हलला न्हाई म्हनून ताडकळसला सासरच्यांनी मला घरातनं काढून दिली. त्या सांजंला कुनी येऊन नुस्तं बसलं असतं, तरी लय झालं असतं."

नुसतं बसणं मला जमण्यासारखं होतं. मी त्यांच्याबरोबर निघाले.