बढती मिळालेलं खेचर

युद्धाची टर उडवणारी ती गाजलेली कादंबरी नवऱ्याने खरोखर वाचली आहे, की नुसता सिनेमा बघून तो वाचक मंडळात भाषण ठोकणार आहे, असा तिला संशय होता. पुस्तक उशाशी होतं, पण खूण आठवडाभर एकाच पानात. रविवारी त्याला कादंबरी, सिनेमा आणि मालिका यांची तुलना करायची होती, आणि पहिल्या रांगेत ते पुस्तक जन्मभर शिकवलेले निवृत्त प्राध्यापक बसणार होते. नवरा दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलायची त्याला सवय.

ती औषधांच्या कारखान्यात नमुने तपासायची. तिथे संशय घेण्याचाच पगार मिळतो.

"ते खेचराचं प्रकरण घेणार आहेस ना?" जेवताना तिने सहज विचारलं. "कर्नल खेचराला मेजर करतो ते?"

असलं खेचर कादंबरीत कुठेच नव्हतं. भाजी ढवळताना तिने ते रचलं होतं.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग जेवायला आलेल्या आपल्या धाकट्या बहिणीकडे. "घेणार तर. सिनेमावाल्यांनी ते गाळलं, मालिकेत तर पार वाट लावली."

संशय पक्का झाला. पण नणंद मंडळाची चिटणीस. "दादा, मग सुरुवात त्यानेच कर की," ती म्हणाली, आणि ताटं उचलायच्या आत सगळ्या सभासदांच्या फोनवर निरोप गेलाही: वहिनीने सुचवलेलं खेचर, रविवारी.

आता प्राध्यापक भरसभेत नवऱ्याचं पितळ उघडं पाडणार, हे तिला दिसायला लागलं.

"खेचर राहू दे रे," शनिवारी ती म्हणाली.

"का गं?"

"उगीच."

"जाहीर झालंय ना? मग बोलायलाच हवं." तो हे इतक्या मायेने म्हणाला, की तिला त्याचाही संशय आला.

रविवारी त्याने खेचर रंगवून रंगवून सांगितलं. सभागृहात पाऊणशे माना ओळखीने डोलल्या. मग प्राध्यापक उठले.

"एक दुरुस्ती," ते म्हणाले. "कादंबरीतलं खेचर करडं आहे. मालिकेत काळं दाखवलंय. हे अक्षम्य आहे."

टाळ्या पडल्या.

घरी परतताना तिने विचारलं, "खरं सांग, तू पुस्तक वाचलंयस?"

"दोनदा. दवाखान्यात दुसरी प्रत आहे. पेशंट गुळण्या करतात तेवढ्यात वाचतो."

"मग खेचर?"

"नाहीच आहे त्यात," तो हळूच म्हणाला. "पण तू माझ्या बहिणीसमोर विचारलंस. म्हटलं, हिने काही पुस्तक उघडलेलं दिसत नाही, कशाला फजिती करा? पुढे तर तुझं नावच गावभर झालं."

"अरे, मी ते रचलं होतं. तुला पकडायला. मी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय पुस्तक."

"हो, हो," म्हणत त्याने मान डोलावली; सभागृहात डोलल्या होत्या, अगदी तशी.