पन्नासपैकी सबनीस साहेब

सबनीस साहेब पाण्यालासुद्धा मार्क द्यायचे.

बारामतीच्या एस.टी. स्टँडवरच्या माठातल्या पाण्याला सव्वीस. आमच्या कळसच्या विहिरीला सतरा. विहीर मचूळ आहे हे मलाही माहीत होतं, पण गावचं पाणी नापास झाल्याचं मला दोन दिवस वाईट वाटत होतं. सगळे मार्क पन्नासपैकी. दहा रंगाला, पंधरा वासाला, पंधरा चवीला आणि उरलेले दहा घोट गिळल्यावर मागं काय राहतं त्याला. शंभरपैकी का नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"शंभरपैकी दिले की माणूस उदार होतो," साहेब म्हणाले. "पन्नासात हात आखडता राहतो."

मी बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या घराण्यात पदवी हा प्रकार पहिल्यांदाच आला होता. आजोबांपर्यंत सगळे मेंढरांमागं फिरलेले. वडिलांनी, म्हणजे आबांनी, शेवटची मेंढरं विकून चार एकरांत ऊस लावला आणि मला बारामतीच्या कॉलेजात घातलं. ब्याण्णव साली आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढतात तिथल्या लॅबमध्ये, मला नोकरी लागली. आबांनी पेढे वाटले, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

"दारूचाच कारखाना की रं त्यो. तितं वास तरी घेत न्हाईस न्हवं?"

"आबा, वास घ्यायचाच पगार हाय."

आबांनी पेढ्यांचा रिकामा पुडा घडी घालून खिशात ठेवला. मग म्हणाले, "घे. पर लांबनं घे."

सबनीस साहेब त्या लॅबचे प्रमुख. अंगानं काटक, सदरा पांढरा, खिशाला तीन पेनं आणि नाक असं की टाकीच्या दारात उभं राहून आत काय बिघडलंय ते सांगायचे. आम्ही नळ्या, मीटर, कागद घेऊन तासाभरानं तेच सांगायचो. मळीचा टँकर आला आणि नमुन्याबद्दल जरा जरी शंका आली, की साहेबांचं ठरलेलं वाक्य असे, "नमुना पुन्हा. आणि ज्याचा माल, त्याच्यासमोर." मग तो व्यापारी कितीही लांबचा असो, त्याला बोलावून, खुर्चीत बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत नमुना पुन्हा काढायचा. "माणूस समोर असला की मळीसुद्धा खरं बोलते," असं ते म्हणत.

मार्कांची ही सवय लॅबपुरती राहिली नव्हती. लग्नात साहेब पंगतीला बसले की आचारी कढईमागं दडायचा. मठ्ठ्याला एकवीस मिळालेला एक आचारी पुढची दोन वर्षं साहेब दिसले की रस्ता बदलत होता. एकदा सहकाऱ्याच्या मुलासाठी मुलगी बघायला त्यांना वडीलधारे म्हणून इंदापूरला नेलं. पोहे आले. साहेबांनी दोन घास खाल्ले आणि सवयीनं म्हणाले, "बत्तीस." मुलीच्या बापाचा चेहरा पडला. तेव्हा साहेब घाईघाईनं उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "पोह्यांना, पोह्यांना! माणसांना मार्क द्यायचा आपल्याला अधिकार नाही." लग्न जमलं. त्या मुलीच्या घरी अजून पोह्यांना बत्तीस म्हणतात.

मी लागल्यावर दीड वर्षात साहेब निवृत्त झाले आणि बारामतीत स्वतःच्या छोट्या घरात राहायला गेले. काकू आधीच वारल्या होत्या. एकुलता मुलगा शिरीष इंग्लंडात इंजिनियर. घरी स्वयंपाकाला हिराबाई यायच्या. तोंडानं फटकळ, हातानं सढळ.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच जानेवारीत साहेबांचा निरोप आला. "मारुतराव, रविवारी तीन वाजता या. आदल्या दिवसापासून कांदा-लसूण खाऊ नका. साबण बिनवासाचा लावा." मी बावीस-तेवीस वर्षांचा, पण साहेब मला पहिल्या दिवसापासून मारुतराव म्हणत.

मी गेलो. ओसरीवर उन्हात एक टेबल. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर लॅबमधले असतात तसे दोन काचेचे बीकर आणि मध्ये एक तपकिरी बाटली. बाटलीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती : "लाल. हिवाळी. कडक."

ही बाटली शिरीषची. तो तिकडं घरच्या घरी बिअर बनवायचा. त्याची गोष्ट मला नंतर कळली. साहेबांनी त्याला आपल्याच डिस्टिलरीत चिकटवायचं नक्की केलं होतं. तो ऐकेना. जायच्या दिवशी साहेब रागानं म्हणाले होते, "तिकडं आहे काय? पाणचट बिअर पिणारे लोक!" बापलेकांचं त्यानंतर नीटसं बोलणं झालं नाही. पण दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात कुणाच्या तरी सामानातून एक बाटली आली. पाणचट नसलेली. साहेबांनी चव घेतली, तक्ता भरला, एकोणतीस मार्क दिले आणि तक्ता एअरमेलनं पाठवला. तेव्हापासून दरवर्षी एक बाटली यायची आणि एक तक्ता जायचा. फोन महिन्याकाठी एक. त्यात "बरा आहेस ना?" "हो. तुम्ही?" आणि हवामान.

साहेबांनी बाटली उघडून दोन्ही बीकरांत शंभर शंभर मिली ओतलं, मोजून. "फ्रिजमध्ये ठेवली नाही. गार केली की चव झोपते. रंग बघ."

मी बीकर उन्हात धरला. मेंदी काढल्यावर दुसऱ्या दिवशी हात दिसतात, तसा लाल. वर सायीसारखा जाड फेस.

"आता वास. आधी तू बोल."

"चांगला आहे, साहेब."

"चांगला हा वास नाही. चांगला हा शेरा आहे. वास सांग."

मी पुन्हा नाक घातलं. मला मोठी माणसं वापरतात ते शब्द येत नव्हते. जे येत होते ते सांगितले. "गुऱ्हाळात शेवटच्या काहिलीला जरा जास्त जाळ लागला की काकवीचा येतो तसा."

"हं. पुढं."

"नखानं संत्र्याची साल खरवडल्यावर उडतो, तसा."

"पुढं."

"कडुनिंब."

"पाला का मोहर?" साहेब पुढं झुकले होते.

"मोहर. चैत्रात झाडाखाली मेंढरं बसवली की यायचा, तो."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "ही हॉप्सची फुलं! एक वेल असते तिकडं. बिअरला कडूपणा आणि वास तिचाच. मारुतराव, कळसच्या माणसानं इंग्लंडची फुलं ओळखली!" आणि माझे शब्द जसेच्या तसे तक्त्यात लिहिले.

मग चव. मी ताकासारखा एका दमात बीकर रिकामा केला. साहेब हताश होऊन बघत राहिले. छातीत शेकोटी पेटली, कान गरम झाले आणि जिभेच्या मुळाशी एक स्वच्छ कडूपणा बराच वेळ बसून राहिला. पाच मिनिटांनी मी विनाकारण हसलो.

"साडेसात टक्के," साहेब गंभीरपणे म्हणाले. "हास्य अपेक्षित आहे."

त्या वर्षी शिरीषला चौतीस पडले. पुढच्या वर्षी पुन्हा मी, पुन्हा बिनवासाचा साबण, पुन्हा "आधी तू बोल." छत्तीस. मला वाटायचं, साहेब मला घडवतायत. मी घडतही होतो. लॅबमध्ये लोक मला विचारू लागले, मारुती, बघ रे जरा नाक लावून.

हिराबाईंचं मात्र वेगळंच गाऱ्हाणं होतं. "सायबांचं मार्क आता बिघडल्यात. पूर्वी च्याला कवा अठ्ठावीस, कवा पस्तीस. आता रोज तीस. गवती च्या घातला तरी तीस, न्हाय घातला तरी तीस. परवा दूध करपून घरभर धूर, आन् ह्ये शेजारी बसून पेपर वाचत्यात!"

"वाचनात तंद्री लागते हो त्यांची," मी म्हणालो. पदवीधर माणूस होतो ना मी.

तिसऱ्या वर्षी बाटली उशिरा आली. आणणाऱ्या गृहस्थांनी ती लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून मुंबईला महिनाभर ट्रंकेत ठेवली होती. मी गेलो तेव्हा साहेबांच्या खिशातून निळं पत्र डोकावत होतं.

"आज मी आधी बोलणार," साहेब म्हणाले. आवाज जरा जास्तच मोठा होता. त्यांनी पत्र काढून एक ओळ वाचून दाखवली. "बाबा, काकवी आणि मोहर वाचून छान वाटतं, पण हे शब्द तुमचे वाटत नाहीत. या खेपेला तुमचं स्वतःचं मत हवंय." पत्र घडी घालून खिशात गेलं. "त्यानं मागितलंय. तेव्हा आज तू गप्प."

बाटलीचं झाकण निघालं आणि मला ठसका लागायचा राहिला. डांबर गोळ्या! हिवाळी कपड्यांच्या ट्रंकेत टाकतात त्या. वास बाटलीला होता, झाकणाला होता, आतल्या बिअरमध्येही उतरला होता. माझ्या बीकरमधून तर ट्रंक उघडल्यासारखी वाटत होती. मी साहेबांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. नाक फेसापर्यंत नेलं होतं. अगदी सावकाश श्वास आत घेतला.

"वा," ते म्हणाले. "संत्र्याची साल. या वर्षी जास्त मोकळी आहे. मागं काकवी. आणि मोहर, मोहर तर आहेच."

माझा हात बीकरवर तसाच राहिला. या माणसानं मला शिकवलं होतं की कागदावर खोटा आकडा लिहिणाऱ्यानं लॅबचा उंबरा ओलांडू नये. आणि हाच माणूस माझे गेल्या वर्षीचे शब्द मला ऐकवत होता.

तेवढ्यात हिराबाई चहा घेऊन ओसरीवर आल्या आणि पदर नाकाला लावून म्हणाल्या, "अगं बया! गरम कापडांची ट्रंक उघडली व्हय सायेब? डांबर गोळ्यांचा किती घमघमाट सुटलाय!"

हिराबाई टेबलाकडं, मग माझ्याकडं बघत राहिल्या आणि कप ठेवून हळूच आत गेल्या.

साहेबांनी बीकर खाली ठेवला. "खरं का, मारुतराव?"

"हो, साहेब."

"पूर्ण?"

"पूर्ण. संत्रं नाही, काही नाही."

त्यांनी फडक्याचं टोक सरळ केलं. "निवृत्त झालो त्या दिवाळीत ताप आला होता. आठ दिवसांचा. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कडू कळतं, गोड कळतं. बाकी सगळं पाणी."

"शिरीषदादांना कळवायचं ना, साहेब."

"काय कळवू? नाक गेलेला माणूस मार्क कसले देणार? आणि मार्क थांबले, तर तो बाटली कशाला पाठवेल?" त्यांनी बीकर लांब सरकवला. "आमच्यात दुसरं काही येत-जात नाही रे."

ऊन टेबलावरून सरकून त्यांच्या पायाशी आलं होतं. तक्ता कोरा पडला होता. साहेबांनी पेन उचललं, वासाच्या रकान्यात नेलं आणि माझ्याकडं बघितलं. "गेल्या वर्षीचे आकडे टाकले तर त्याला कळणार नाही. अडतीस दिले तर खूशच होईल."

त्या क्षणी मला त्यांना होकार द्यावासा वाटला, खोटं कशाला सांगू? पण माझ्या तोंडून भलतंच आलं. "साहेब, नमुन्याबद्दल शंका असली की आपल्याकडं काय करायचे?"

साहेबांचा हात थांबला. मग पेनाचं टोपण पुन्हा एकदा नीट पाठीमागं बसवलं आणि लॅबमध्ये लिहायचे त्याच ठसठशीत अक्षरात लिहू लागले. मी समोरून उलटं वाचत होतो.

"नमुना रद्द. कारण एक : वाटेत डांबर गोळ्यांचा संसर्ग. कारण दोन : तपासणाऱ्याचं नाक सव्वादोन वर्षांपासून निकामी. आधीचे दोन शेरे साहाय्यकाचे आहेत व अचूक आहेत. नमुना पुन्हा सादर करावा. ज्याचा माल, त्याच्यासमोर तपासणी होईल."

खाली सही केली. थोडा विचार करून सहीखाली आणखी एक ओळ घातली. "घाई नाही. पण हिवाळ्यात यावं."

पाकीट मीच पोस्टात टाकलं. पेटीत हात घालून ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला.

पुढच्या जानेवारीत मला निरोप आला नाही. मी तरी त्या रविवारी तीनच्या सुमाराला सायकल त्या बाजूनं घातली. कुंपणापलीकडं ओसरीवर तेच पांढरं फडकं होतं. साहेबांच्या समोर खुर्चीत त्यांच्यासारखंच काटक अंग, पण केस कानापर्यंत. दोघांच्या हातात बीकर.

साहेब म्हणत होते, "आधी तू बोल."

मी घंटी न वाजवता पुढं गेलो.

आठवड्यानं भेटलो तेव्हा विचारल्याशिवाय राहवेना. "साहेब, किती पडले?"

साहेब गोंधळले. खिशातली पेनं चाचपली. "अरे," ते म्हणाले, "तो बोलत राहिला. मार्क द्यायचं राहूनच गेलं."